मागच्या दाराची कडी

तोंडी परीक्षेत चोरी कशी करणार, असं लोकांना वाटतं. अहो, आमच्या पोरांना विचारा. आत जाऊन आलेला बाहेर थांबलेल्यांना सगळे प्रश्न सांगून मोकळा होतो. म्हणून आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जुनी पद्धत आहे. पुढच्या दाराने आत यायचं आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. मध्ये लागते नमुन्यांची खोली, म्हणजे बरण्यांत ठेवलेले प्राणी. उजेडाने ते फिके पडतात म्हणून खिडक्या कायमच्या बंद. मागच्या दाराची कडी बाहेरून. परीक्षा झालेल्याने दार वाजवायचं, शिपायाने उघडायचं.

त्या वर्षी शिपाई तापाने पडला होता, त्यामुळे दर वेळी मीच उठून, बाहेरून वळसा घालून कडी काढत होतो. आणि शेवटचा नंबर होता माझ्या भाचीचा. नात्यातलं कोणी आलं की परीक्षकाने उठून जायचं असतं. म्हणून बाहेरगावच्या परीक्षक बाईंवर खोली सोपवून मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. नवरा गेल्यावर ताई या मुलीला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा पोर पाळण्यात होती. ताईचा सगळा जीव तिच्यात. सकाळी म्हणाली होती, "घाबरट आहे रे ती. नीट घरी घेऊन ये." मी म्हटलं, "परीक्षेलाच चाललीय ताई, लढाईला नाही."

संध्याकाळ व्हायला आली होती. दाराच्या फटीतून फॉर्मॅलिनचा वास येत होता. इतकी वर्षं नाकात बसलेला वास, पण त्या दिवशी डोळे चुरचुरले. तेवढ्यात वीज गेली. पलीकडच्या खोलीतून बाईंचा आवाज अस्पष्ट येत होता, आणि भाचीचाही. घाबरली की ती प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करायची.

"बेडकाच्या... बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात."

चला, एक तरी बरोबर आलं, म्हणून मला हसू आलं. आणि दार वाजलं.

"मामा, उघड. झालं माझं."

आवाज तिचाच. दाराला तोंड लावून बोलावं इतका जवळ. मी कडीवर हात ठेवला, तोच पलीकडून पुन्हा ऐकू आलं, "माशाच्या... माशाच्या हृदयाला..."

मी कडी काढता काढता थांबलो. दारामागच्या बरण्यांच्या खोलीत कोणी असायचं कारणच नव्हतं. आधीच्या सगळ्यांना मी स्वतः बाहेर काढलं होतं.

"मामा, अंधार आहे रे इथे..."

आता सांगा, कुठला मामा उघडणार नाही? मी कडी काढली. ती बाहेर आली. तिनेच दार ओढून घेतलं, तिनेच कडी घातली आणि माझा हात धरला. हात गार होता, पण परीक्षेनंतर पोरांचे हात गारच असतात.

"चल," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल."

आम्ही पायऱ्यांकडे वळलो. आत बाई म्हणाल्या, "छान. या आता." मधलं दार करकरलं. कोणीतरी चाचपडत येत होतं. एक बरणी हलल्याचा आवाज झाला... आणि दार वाजलं.

"मामा... मामा, झालं. उघड ना."

मी वळून दाराकडे पाहिलं. हातातला हात घट्ट झाला.

"तिकडे बघू नकोस," शेजारची म्हणाली.

आतला आवाज थांबला. मग अगदी हळू आला. "मामा... तुझ्याजवळ... तुझ्याजवळ कोण बोलतंय?"

मी पळालो. जिचा हात हातात होता, ती बरोबर आली. तिला फाटकाशी बसवून, वॉचमन आणि टॉर्च घेऊन परत गेलो. कडी तशीच होती. आत नुसत्या बरण्या. बाई म्हणाल्या, "आत्ताच तर गेली त्या दाराने. हुशार आहे हो, फक्त भित्री."

भित्री ती आता राहिलेली नाही. पोरगी नोकरीला लागली, धीट झाली, चारचौघांत न अडखळता बोलते, असं ताई कौतुकाने सांगते. ताई सुखात आहे. तिच्याकडे पाहिलं की माझी जीभ उचलत नाही.

त्या वर्षापासून मी प्रश्न विचारणं सोडलं. परीक्षेत मागच्या दाराशी मीच उभा राहतो, दुसऱ्या कोणाला राहू देत नाही. परवा एक मुलगा बाहेर आला आणि घाम पुसत म्हणाला, "सर, आत त्या मॅडम अंधारात का उभ्या आहेत? विचारत होत्या, बाहेर मामा आहे का..."

त्याला मी घालवून दिलं आणि कडी लावली. आतून दार वाजलं नाही. कोणीतरी पलीकडून दाराला टेकलं, एवढंच जाणवलं. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. आत माझीच पोर होती, हे मला कळत होतं. आणि घरी ताई होती, तिची मुलगी तिच्याजवळ होती. मला रडू आलं. शेवटी हात काढून घेतला आणि घरी आलो.

ताई स्वयंपाकघरात होती, तिच्या हसण्याचा आवाज येत होता. मी बेल वाजवायच्या आत भाचीने दार उघडलं. ती दारातच उभी राहिली. माझ्या हाताकडे बघत, ताईला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं,

"उघडलं नाहीस ना, मामा?"