भेटीचा रविवार

वाऱ्यानं थोरलीची छत्री उलटी झाली ती झाली, वर शेजारच्या माणसाच्या नाकावर जाऊन आपटली. प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाशी नातेवाइकांची रांग लागली होती, पाऊस तिरपा येत होता आणि त्या माणसाचा चष्मा चिखलात पडून काडी तुटली होती.

"अगं बाई! लागलं का हो?" थोरलीनं विचारलं.

"मला नाही... चष्म्याला लागलं." तो डोळे किलकिले करून हसला. "तुम्ही दिसायला कशा आहात ते आता कळायचं नाही, एवढंच नुकसान."

थोरली चष्म्याच्याच दुकानात नंबर काढायचं काम करायची. आपणच गिऱ्हाईक तयार केल्यासारखं वाटून ती ओशाळली. काडी उलटसुलट करून म्हणाली, "बिजागरीच गेलीय. इथं काही करता यायचं नाही."

तो शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. धाकट्या भावाला भेटायला आला होता. थोरलीची धाकटी बहीण त्याच तुकडीत होती. आईवडिलांमागे थोरलीनंच तिला वाढवलं होतं. धाकटी सैन्यात जायचं म्हणाली तेव्हा "पोरीला कुठं धाडतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?" म्हणणाऱ्या काकांशी भांडलीही तीच. भांडण जिंकली खरी, पण धाकटीची काळजी काही सुटली नव्हती.

पाऊस थांबला. मैदानाकडेच्या मांडवात सगळ्यांना बसवलं आणि समोर तुकडी उभी राहिली. बारीक कापलेले केस, एकसारखे कपडे. मास्तर मान पुढं काढून बघत होता, पण त्याला धुक्याशिवाय काही दिसेना.

"थांबा, मी सांगते," थोरली म्हणाली. "तुमचा भाऊ ओळखायचा कसा?"

"उंच. कान सुपासारखे."

"सापडला! मागच्या ओळीत. दोराकडे निघाला... चढतोय... अहो, माकडासारखा चढला!"

"घराण्याचं नाव काढलं म्हणायचं." मास्तरची छाती फुगली. "आणि तुमची बहीण?"

धाकटी उंच भिंतीकडे धावली, हात वर पोचलेच नाहीत, दाणकन खाली आली. थोरलीनं नकळत मास्तरची बाही मुठीत धरली.

"काय झालं?"

"पडली... उठली. गुडघे झाडतेय... परत धावली... बोटं अडकली वर... लटकलीय—" तिचा आवाज चिरकला. "गेली! अहो, भिंतीपलीकडे गेली ती!"

"दिसलं मला," मास्तर हळूच म्हणाला. "तुम्ही सांगितलंत ना... सगळं दिसलं."

तेव्हा कुठं तिला हातातली बाही जाणवली. तिनं ती चटकन सोडली आणि उगाच नीट करून ठेवली.

भेटीची वेळ झाली तशी धाकटी धावत आली. उन्हानं रापलेली, तळहातांना घट्टे पडलेले. "ताई, रडायचं नाही हां! साहेब बघताहेत." आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

निघताना फाटकापाशी मास्तर घुटमळला. "एक सांगून ठेवतो. इथं सगळे तुम्हाला ताई म्हणतील. मी म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

"ते... विचार करून सांगतो."

पुढच्या भेटीच्या रविवारी तो नवा चष्मा लावून आला आणि तिच्याकडेच बघत बसला. "मैदान तिकडं आहे," ती म्हणाली. "नंबर तपासून घेतोय," तो म्हणाला. मग थोरली रविवार आला की आरशापुढे जरा जास्तच रेंगाळू लागली. मांडवात शेजारची खुर्ची न सांगता राखली जाऊ लागली. पण विचार करून सांगायचं ते मास्तरनं काही सांगितलं नाही.

आणि मग दीक्षान्त संचलनाचा दिवस उजाडला. थोरलीनं काकांना हट्टानं सोबत आणलं होतं. वाद्यं वाजू लागली, तुकडी वळणावरून आली. सगळ्यांच्या पुढं एकटी, तलवार उभी धरून चालत होती ती धाकटी! तिनं हुकूम सोडला तशी अख्खी तुकडी एका पायावर वळली. थोरलीच्या अंगावर काटा आला. काका तर खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. मागच्या लोकांना ठणकावून म्हणाले, "पुढं आहे ना, ती आमची! आमची पोर आहे ती!"

संचलन संपलं. काका धाकटीला गाठायला मैदानात उतरले. मांडव रिकामा झाला तरी दोघं तिथंच.

"झालं," मास्तर म्हणाला. "आता पुढच्या महिन्यात... इथं यायचं कारणच उरलं नाही."

"नाही ना."

"मी म्हणत होतो, तरी यावं. सवय लागलीय."

"आत कोण घेणार तुम्हाला?"

"मग तुमच्या गल्लीत घेतील?"

थोरलीनं खाली बघितलं, मग वर. "भित्रेच आहात. भूगोल शिकवता आणि वाट सापडत नाही? ...मला तुम्ही आवडता. केव्हापासून. आता बोला!"

मास्तरनं नुसता हात पुढं केला. तो तिनं धरला, सगळ्या मैदानादेखत.

मैदानात धाकटीची नजर मांडवाकडे गेली आणि तिचा तोफेसारखा आवाज आला, "तुकडी... मागे फिर!"

टोप्या उडवत, गळ्यात पडत उभी असलेली सगळी पोरं सवयीनं गर्रकन पाठमोरी झाली. त्यांच्याबरोबर काकाही फिरले.