उजेडाचा पाव हिस्सा

"बल्ब हवाय. दुधी नको, आतली तार दिसते तो."

सिद्धारामनं मान वर केली आणि स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. चौसाळ्यात हायवेला लागून त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. गिऱ्हाईक दिवसभर चालूच. पण असे डोळे...

"तारेचा बल्ब आता कोण नेतंय, मॅडम? कावून पायजे?"

"मुलांना उजेड मोजून दाखवायचाय."

ती कावेरी, शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच आलेली. होल्डर बसवून द्यायला म्हणून तो शाळेत गेला आणि काम उरकल्यावरही रेंगाळला. खिडक्यांवर सतरंज्या टाकून तिनं खोलीत अंधार केला होता. उजेड मोजायची सोय मोबाईलमध्ये होती.

"बल्ब धरा. आता मागं सरका... आणखी."

"लई लांब पाठवायलात!"

हसू दाबत ती आकड्यांकडे बघत राहिली. "अंतर दुप्पट झालं. उजेड किती झाला असेल?"

"निम्मा."

"पाव! तो चौफेर पसरतो ना. दुप्पट लांब गेला की तेवढ्याच उजेडाला चौपट जागा उजळावी लागते."

"मंग मी जवळच येतो—"

तिनं मोबाईलमध्ये डोकं घातलं. तिचे कान मात्र लाल झाले.

पुढं ती कधी फ्यूजसाठी आली, कधी वायरसाठी, कधी उगीचच. एका दुपारी आली ती काउंटरला टेकून उभी राहिली.

"अप्पांनी पुण्याचं स्थळ आणलंय. रविवारी पाहुणे येणार, तलवाड्याला, आमच्या घरी."

त्यानं घट्ट असलेलाच स्क्रू पुन्हा आवळला. "पुणं... लांब हाय."

"बस? एवढंच?"

सिद्धारामनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कितीही लांब गेलं तरी उजेड कमी होतो, संपत नाही, हेही तिनंच सांगितलं होतं. ती सणावाराला माहेरी येईल, रस्त्यात कधी दिसेल... तेवढ्यावर माणूस दिवस काढीलही. पण कावून काढायचे? तोंड न उघडल्यापायी?

"मला तुमी पायजे," तो म्हणाला.

कावेरीचे डोळे भरून आले, पण सूर मास्तरणीचाच राहिला. "मग मला काय सांगता? अप्पांना सांगा."

"कधी?"

ती पायरी उतरली, टाचा उंचावल्या आणि भर दुपारी तिनंच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. मग त्याच्याच बोलीत म्हणाली,

"तलवाड्याची गाडी आत्ता हाय. चला."