टोपीतली शेवटची ओळ

बाल्थासार डॉर्नचं तोंड ओळखू येत नव्हतं. रंगमंचामागे तो उताणा पडला होता. दात फळ्यांवर विखुरलेले, शेजारी देखाव्याला आधार देणारं लोखंडी वजन रक्तानं माखलेलं. त्याच्या टोपीचं अस्तर कुणीतरी टराटरा फाडलं होतं. द्राक्षमळ्यांच्या या गावाला गावच्याच बोलीत हसवणारा, रडवणारा कवी आणि नट पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, भरदुपारी ठेचला गेला होता.

"साहेब, पोलिसांनी माझ्या नवऱ्याला नेलंय," त्याची मुलगी आपोलोनिया गुप्तहेर वेंडलिंगला म्हणाली. "बाप तर गेलाच. आता फेल्टेनचंही मुंडकं उडवतील."

वेंडलिंगबरोबर डॉक्टर एमरिख होते. माणूस लाखाचा, पण डोकं जरा निवांत चालायचं.

कोठडीत फेल्टेनच्या मुठी सोललेल्या होत्या.

"मारलं ना! नाक फोडलं म्हाताऱ्याचं," तो म्हणाला. "मी त्याच्यासोबत काम करतो, तरी शेवटची ओळ मलाही सांगेना. म्हणे, पहिल्या प्रयोगाआधी ती उच्चारली की नाटक मरतं. कागद टोपीत शिवायचा. दरवर्षी तेच थेर! पण मी निघालो तेव्हा तो मला शिव्या घालत होता."

"झालं, कबूलच केलं की," डॉक्टर पुटपुटले.

नाटक बार्बेलच्या खानावळीतच होणार होतं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"सकाळी तालमीत शेवट आला, तसा बाल्थासार हात वर करून ओरडला, 'बार्बेल, वाइन आण!' दर वेळेसारखा."

"त्याचं वैर कुणाशी?"

"ग्रेबेल गुरुजींशी. बोलीत बोललं की पोरांना फोडून काढायचे मेले. बाल्थासारचा धाकटा भाऊ त्याच मारानं बहिरा झाला. या नाटकात तेच तर आहे."

गुरुजी आपल्या घरी शेकोटीपाशी ताठ बसले होते.

"मी कशाला मारीन? सकाळी मागच्या बाकावर होतो मी. शेवटी त्यानं मला माफ केलं! 'गुरुजी, कान फुटले, बोली उरली; बसा, आमच्याच ग्लासातलं घ्या.' असं ऐकल्यावर कोण वैर धरील?"

डॉक्टरांचे डोळे पाणावले. "केवढं मोठं मन!"

"गुरुजी, बोलीतलं नाटक याआधी कधी पाहिलंत?" वेंडलिंगनं विचारलं.

"ती गावंढळ बडबड? छे!"

"म्हणूनच फसलात. शेवटची ओळ आधी बोलायची नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तालमीत ओळीच्या जागी त्यानं वाइन मागवली. ओळ होती फक्त टोपीत. ती तुम्हाला पाठ आहे, म्हणजे अस्तर तुम्हीच फाडलंत. शेवटी तो तुमची लाज काढणार, या भीतीनं तुम्ही आधी त्याचं तोंड ठेचलंत आणि मग पडलेल्या टोपीच्या अस्तरातून डोकावणारा कागद ओढून वाचलात."

गुरुजींनी शेकोटीतली सळई उपसली. पहिल्याच फटक्यात वेंडलिंगचा खांदा फाटला. दुसरा बसण्याआधी डॉक्टरांनी खुर्ची हाणली आणि गुरुजींचं मनगट काडकन मोडलं. त्यांच्या कोटातून रक्ताळलेला कागद निघाला.

"आधी वाचायला हवं होतं," गुरुजी कण्हत म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रयोग झाला. सुटून आलेल्या फेल्टेननं सासऱ्याची फाटकी टोपी घातली आणि ती ओळ पहिल्यांदा उच्चारली. अख्खं गाव रडलं. पुढच्या रांगेत बाल्थासारच्या बहिऱ्या भावानं ती फेल्टेनच्या ओठांवरून वाचली. मग त्यानं हातातला भरलेला ग्लास जमिनीवर आपटून फोडला आणि तो घरी निघून गेला.