मास्तरांचा अर्धा अभिप्राय

दर गुरुवारी सकाळी वाचनालयाच्या जिन्यातला फळा पुसून नवा मजकूर लिहायचा हा ताईंचा नेम. गेल्या अठरा वर्षांत तो एकदाच चुकला होता, तोही त्यांना कांजिण्या झाल्या म्हणून. वाचनालय म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. फळ्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगात 'ताईंची शिफारस' असं कायमचं रंगवलेलं, आणि खाली एखाद्या पुस्तकाबद्दल खडूने दोन-तीन ओळी. वाचक त्या ओळी वाचत वर येत आणि तेच पुस्तक मागत.

खरी गोष्ट अशी, की ताईंनी शेवटचं पुस्तक कधी पुरं केलं ते त्यांनाच आठवत नव्हतं. दिवसभर पुस्तकं लावायची, फाटलेले पुठ्ठे चिकटवायचे, आणि रात्री पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे. याचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. शिफारस यायची ती चिठ्ठ्यांतून. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा होता आणि पुस्तक परत करताना वाचकाने त्यात आपला अभिप्राय लिहून ठेवायचा, अशी तिथली रीत होती.

बहुतेक लोक 'छान' लिहून मोकळे होत. भरभरून लिहायचे ते एकटे मास्तर. जन्मभर भूमिती शिकवलेली, निवृत्तीनंतर तीनच तऱ्हेची पुस्तकं वाचायची: अद्भुत, रहस्य आणि विज्ञानाच्या कादंबऱ्या. जांभळ्या शाईत बारीक अक्षरात लिहीत आणि कुणाला सोडत नसत. 'राज्याचा नकाशा सुंदर आहे, पण त्यातली नदी डोंगर चढते.' 'यंत्रमानव फार छान रडतो, पण त्याला तेल कोण घालतं ते लेखकाला ठाऊक नाही.' 'खुनी झकास रंगवला आहे, पण तो मला सत्तराव्या पानावर कळला आणि हवालदाराला दोनशेव्या.' एका चिठ्ठीत त्यांनी आपलं सगळं मतच मांडलं होतं: अद्भुतात खुशाल हरवावं, विज्ञानकथेत शंका काढाव्यात, रहस्यात मात्र पानांची रांग मोडू नये.

यातला 'पण'च्या अलीकडचा भाग तेवढा ताई फळ्यावर उतरवत. 'राज्याचा नकाशा सुंदर आहे', बस्स. पुस्तकं हलायला हवीत, त्यांना नावं ठेवून कसं चालेल? पुढे पुढे तर त्यांना अशी सवय लागली, की 'पण' दिसला की डोळे आपोआप थांबत आणि चिठ्ठीची घडी होई. मास्तर जिन्यात उभे राहून फळा वाचत, मिशीतल्या मिशीत हसत आणि वर येऊन म्हणत, "आज पुन्हा अर्धाच आलोय मी."

ते मास्तर पंधरा दिवसांपूर्वी गेले होते. आता या गुरुवारी सकाळी त्यांची सून शेवटचं पुस्तक परत करायला आली. निळ्या पुठ्ठ्याची रहस्यकादंबरी होती, फार जाड नव्हे. सून दाराशीच उभी राहून हळू आवाजात सांगत होती. मागच्या व्हरांड्यात खुर्चीत बसल्याबसल्याच गेले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलेलं, चिठ्ठी पुस्तकाच्या खिशात घातलेली. पाय तेवढे घोट्यापर्यंत ओले होते, आणि व्हरांडा तर कोरडा ठाक. उजव्या पायातली चप्पल घरभर शोधली, ती अजून सापडली नव्हती.

"शेवटचे दोन दिवस फार गप्प होते," ती म्हणाली. "मी सहज विचारलं, काय आहे हो शेवट. तर माझ्यावर ओरडले. कधी ओरडले नव्हते…"

ताईंना वाईट वाटलं. डोळे पुसून त्यांनी चिठ्ठी काढली आणि फळ्यावर लिहिलं: 'रहस्य अव्वल. शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.' पुढे 'पण' होता. त्यांनी घडी केली.

अकराच्या सुमाराला त्यांची धाकटी बहीण आली. दोघींचं लग्न झालेलं नव्हतं आणि दोघी एकाच घरात राहत. धाकटी घरीच कपडे शिवून द्यायची आणि रहस्यकथांवर तिचा भारी जीव. तिची एक खोड मात्र जगावेगळी होती. ती आधी शेवटचं पान वाचायची. खुनी कोण ते कळलं की मग निवांत वाचता येतं, टाके चुकत नाहीत, असं तिचं म्हणणं. ताईंनी तिला कितीदा चिडवलं होतं, की तुझ्यासाठी आपण पुस्तकं उलटीच बांधून घेऊ. फळा वाचून ती वर आली आणि निळं पुस्तक पिशवीत टाकून गेली.

दुपारी एकला वाचनालय बंद व्हायचं. बाहेर मळभ होतं, दिवे लावावे लागतील इतकं. ताईंनी मास्तरांच्या चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा काढला. शेवटची चिठ्ठी आत टाकताना त्यांना भरून आलं. इतकी वर्षं या माणसाचे शब्द आपण आपले म्हणून मिरवले, निदान ही एक तरी पुरती वाचावी, असं त्यांच्या मनात आलं. त्या 'पण'पाशी न थांबता पुढे वाचू लागल्या.

'…पण हे पुस्तक सुरुवातीपासूनच वाचावे. मी जन्मात एकदाच रांग मोडली, ती या पुस्तकात. शेवटच्या पानावर जे आहे ते पुस्तकातले नाही, माझे आहे. ते इथे लिहीत नाही. सुनेने विचारले, तिलाही सांगितले नाही. ज्याला शेवट आधी कळतो, त्याच्याकडे तो येतो. काल पायाचे तळवे ओले होते. आज घोटे आहेत. कृपा करून हे फळ्यावर लिहा.'

त्या कुलूपसुद्धा न लावता जिना उतरल्या. फळ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरातल्या दोन ओळी होत्या, त्यांच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

घर पाच मिनिटांवर होतं. दारात चपला काढून ताई मागच्या खोलीकडे धावल्या. शिवणयंत्राचा खडखडाट चालू होता. धाकटी दाराकडे पाठ करून बसली होती, डोक्यावर दिवा, बाजूला निळं पुस्तक पालथं घातलेलं. खोलीत तुंबलेल्या पाण्याचा, शेवाळाचा वास होता.

"शेवट वाचलास का?" ताईंनी दारातूनच विचारलं.

यंत्र थांबलं. धाकटीने मान वळवली नाही.

"असंच आहे, ताई…" ती म्हणाली. "शेवटच्या पानावर एक बाई मशीनवर बसलीय. मागून मोठी बहीण येते. दारातूनच विचारते… शेवट वाचलास का."

"मग?"

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि लांब गेली.

"मग काही नाही. तेवढंच."

तिने यंत्राच्या पायडलवरून पाय उचलले, तसा चपचप आवाज झाला. तळवे ओले होते. बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, तासभर पाण्यात उभं राहिल्यावर पडतात तशा. पायडलखाली फरशीवर परातीएवढं पाणी साचलं होतं आणि ते कुठून आलं होतं ते दिसत नव्हतं. ताईंनी फडक्याने पुसलं. फडकं पिळून वळेपर्यंत पाणी पुन्हा तिथेच होतं, आणि आता परातीहून मोठं होतं.

त्यांनी चिठ्ठी धाकटीला वाचून दाखवली. धाकटीने मांडी घालून पाय पोटाशी घेतले. काय करायचं? पुस्तक जाळावं म्हटलं तर शेवट तिला कळून चुकला होता, तो कसा जाळणार? मास्तरांनी एकच वाट सांगितली होती, ती म्हणजे सुरुवातीपासून वाचण्याची. ताईंनी वेताची खुर्ची यंत्रासमोर ओढली, गुडघ्यांवर शाल घेतली आणि पहिलं पान उघडलं. अठरा वर्षांत न वाचलेलं सगळं त्यांना आज एका बैठकीत वाचायचं होतं.

त्या मोठ्याने वाचू लागल्या. तळ्याकाठचं घर, हरवलेला डॉक्टर, नावाडी, दोन खोटे साक्षीदार. एक शब्द गाळला नाही. झाडांची चार-चार पानी वर्णनं आली, तीही गिळली. 'पण' आले की जीभ अडखळायची, त्या जोर लावून पुढे जात. तिसरं प्रकरण संपलं तेव्हा त्यांनी चोरून खाली पाहिलं. यंत्राखालचं पाणी पुन्हा परातीएवढं झालं होतं. सातव्या प्रकरणात ते ताटलीएवढं उरलं. ताईंना हुरूप आला. घसा कोरडा पडला, धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला तर त्या दोघींनाही तो बघवेना. ताईंच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय पार बधिर झाले, पण उठून फेरी मारायची म्हणजे वाचन तोडायचं. त्या उठल्या नाहीत.

खिडकीतला उजेड पुरता गेला तेव्हा शेवटचं पान आलं. ताईंनी श्वास रोखून वाचलं. नावाड्याने कबुली दिली, डॉक्टरचं घड्याळ तळ्यातून निघालं, हवालदाराने वही मिटली. संपलं. शिवणारी बाई नाही, बहीण नाही, काही नाही.

"बघ ग," ताई म्हणाल्या, "कोरडी झालीस का?"

धाकटीने पाय खाली ठेवले. फरशी कोरडी होती, तळवे कोरडे होते, सुरकुत्या गेल्या होत्या. ताईंच्या जिवात जीव आला. या पोरीला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं, तिच्याशिवाय त्यांना दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. धाकटी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती तोंड झाकून रडायला लागली.

"ताई… मी तुला अर्धंच सांगितलं."

"काय अर्धं?"

"खाली आणखी तीन ओळी होत्या." तिचा आवाज ऐकू येईना इतका बारीक झाला. "धाकटी तिला शेवट सांगते. थोरली ऐकते, आणि वाचायला बसते… वाचून होईतो धाकटीचे पाय कोरडे होतात." ती थांबली. "तू विचारलंस, आणि मला वाटलं, सांगितलं तर… मी भ्याले ग. सगळं कळलं असतं तर तू बसली नसतीस."

"बसले असते," ताई म्हणाल्या.

त्यांनी गुडघ्यांवरची शाल बाजूला केली. लोकरीचे मोजे घोट्याच्या वरपर्यंत भिजून काळे पडले होते. खुर्चीखाली पाणी होतं आणि त्याला काही घाई दिसत नव्हती. सुनेवर ओरडणारे मास्तर त्यांना आता पुरते कळले. शेवट त्यांनाही सांगून टाकता आला असता.

ताईंनी पेन मागितलं. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात कोरी चिठ्ठी होती, ती मांडीवर ठेवून त्या लिहू लागल्या. पुस्तक कसं आहे, रहस्य किती रंगलं आहे, यातलं त्यांनी काहीच लिहिलं नाही. सुरुवातच 'पण' अशी केली.

"काय लिहितेस?" धाकटीने विचारलं.

"उरलेलं. सकाळी फळ्यावर हे उतरव. सगळं उतरव."

धाकटी डॉक्टरला बोलावते म्हणून उठली आणि बाहेरच्या दाराकडे गेली. कडी काढल्याचा आवाज आला. मग पावलं उंबऱ्याशीच थांबली.

"ताई…" ती तिथूनच म्हणाली, "तू दुपारी दोन्ही चपला घालून आली होतीस ना?"

दारात एकच होती, डाव्या पायातली.