काकीची ओटी

अर्पिता, जूनपासून तुझ्या मुलीला शेगावच्या शाळेत घालावं का, असं तू मघाशी विचारलंस. लाईट कधी येईल काही सांगता येत नाही, आणि हा चार्जिंगचा दिवा अजून तासभर तरी टिकेल. तोवर माझं ऐकून घे. मग तुझं तू ठरव.

आमच्या हिमानीला आठवीत शेगावला घातलं ते माझ्याच हट्टानं. हे सोनाळ्याच्या शाळेत शिकवतात, त्यांना वरवटची शाळा पुरेशी वाटत होती. मला नव्हती वाटत. आता शेगाव म्हणजे आपल्या वरवट बकालच्या माणसाला केवढं मोठं शहर. दर्शनाला येणाऱ्यांच्या ट्रॅव्हल्स, ऑटो, काळीपिवळी, सरकीचे ट्रक, सगळं एकाच रस्त्यावर. बसस्टँडवर उतरलं की समोर शाळेचं फाटक दिसतं, पण मध्ये तो रस्ता आहे. सिग्नल नाही, पांढरे पट्टे टायरांखाली पुसून गेलेत, आणि ब्रेकरसाठी आम्ही पालकांनी दिलेल्या अर्जांचं काय झालं ते देवाला माहीत.

पहिल्याच आठवड्यात एका ऑटोच्या आरशात हिमानीचं दप्तर अडकलं आणि ती गुडघ्यावर पडली. मी पतसंस्थेत लिपिक. सकाळी पोरीला बसमध्ये चढवून दिलं की मला लगेच माझी खुर्ची गाठावी लागते. तिच्यासोबत जायचं म्हटलं तर नोकरी सोडावी लागली असती. दिवसभर मी लोकांची पासबुकं भरायची आणि डोळ्यांपुढे तो रस्ता असायचा.

मग दिवाळीनंतर एकदा तिनं जेवताना सहज सांगितलं.

“आता मले भेव नाही लागत आई. काकी हात धरून पार करून देते.”

“कोणती काकी?”

“तिथलीच हाये. स्टँडच्या कोपऱ्यावर उभी राह्यते.”

मला हायसं वाटायला हवं होतं. घटकाभर वाटलंही. मग घास तोंडातच फिरायला लागला. तेरा वर्षांची पोरगी. वरवटच्या आठवडी बाजारात मी हात धरला तर चारचौघांत झटकून टाकते, मैत्रिणी पाहतील म्हणून. आणि त्या कोण कुठल्या बाईचा हात मात्र हिला भर रस्त्यात चालतो. मी तिला बजावलं, अनोळखी बाईशी बोलायचं नाही.

“अनोळखी कशी? रोज तर भेटते,” ती म्हणाली.

त्यानंतर बघ, एकेक व्हायला लागलं. मी घातलेल्या वेण्या दुपारपर्यंत सुटतात, हे खरं आहे, माझा हात घाईचा आहे. पण हिमानी संध्याकाळी घरी यायची ती घट्ट, चापूनचोपून घातलेल्या वेण्यांनी. रिबिनीची गाठही वेगळी. मी सोडायला गेले तर नखं दुखायची. केसांना कसल्यातरी घाण्याच्या तेलाचा वास यायचा, आणि तसलं तेल आमच्या घरात कधी आलेलं नाही. मी तिचं डोकं शिकेकाईनं दोनदोनदा धुतलं. वास जाईना.

डबाही अर्धा उरायचा बंद झाला. विचारलं तर म्हणे, काकीला शेंगदाण्याची चटणी आवडते. दुसऱ्या दिवसापासून मी चटणी देणंच बंद केलं. हस, हस तू. माझ्या जागी असतीस तर डबाच दिला नसतास.

हे म्हणाले, “अगं, एक बाई आपल्या लेकराले सांभाळून राह्यली, तुले काऊन त्रास होते?” आता ह्यांना काय सांगू? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. जे काम माझं, जे मला पोटासाठी करता येत नाही, ते ती रिकामटेकडी बाई आयतं करत होती. वर माझी पोरगी घरी येऊन तिचे गोडवे गात होती.

फेब्रुवारीत मी रजा टाकली आणि हिमानीच्या आधीच्या बसनं शेगावला गेले. घरी सांगितलं, तिचे बूट घट्ट होतात ते बदलून आणते. पिशवीत बूट होतेही. स्टँडच्या कोपऱ्यावर सुभद्राबाई म्हणून एक म्हातारी हार विकायला बसते, तिच्या दुकानाच्या आडोशाला मी उभी राहिले. ऊन चढलं होतं. झेंडूचा, डिझेलचा आणि तापलेल्या डांबराचा वास एकमेकांत मिसळला होता. हॉर्नांनी कान किटत होते.

बस आली. हिमानी उतरली, रस्त्याच्या कडेला आली, आणि तिनं उजवा हात बाजूला, किंचित वर धरला. लहान पोर मोठ्या माणसाच्या हातात देतं तसा. तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

ती चालायला लागली आणि हॉर्न बंद झाले. एकेक करून नाही, एकदमच. एक ट्रॅव्हल्स तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ब्रेक लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. ड्रायव्हर मोबाईलवर बोलतच होता, आपण थांबलोय हे त्याच्या गावीही नव्हतं. हिमानी वर पाहून हसत, काहीतरी सांगत पलीकडे गेली. फाटकापाशी ती पाठमोरी उभी राहिली. आणि मी पाहिलं, अर्पिता, तिची सुटलेली वेणी आपोआप विणली जात होती... पेडावर पेड... सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी.

ती आत गेली आणि हॉर्न पुन्हा सुरू झाले.

“तुमची पोरगी हाये का?” सुभद्राबाईनं हार ओवता ओवता विचारलं. मी मान डोलावली.

“भेऊ नका. संजीवनी हाये ते. तिची एकुलती पोरगी ह्याच रस्त्यावर ट्रकाखाली गेली, शाळेत जाता जाता. मंग ते रोज इथं उभी राहे, दुसऱ्याच्या लेकराईले पार करून दे. सवाष्ण होती. तापानं गेली. पन उभी राहनं काही सुटलं नाही तिचं.”

“तुम्हाले दिसते?”

“नाही. गाड्या थांबतात तवा समजते.” तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला. “राहू द्या, बाई. तवापासून एका लेकराचा जीव गेला नाही इथं.”

तुला वाटेल, मी घाबरले. घाबरलेच. पण खरं सांगू, परतीची बस पूर्णेच्या पुलावर येईतो ती भीती ओसरली आणि खाली राहिला तो मत्सरच. जिवंत बाई असती तर भांडले असते. हिच्याशी भांडायचं कसं? हिला पगार नाही, रजा नाही, स्वयंपाक नाही. हिला चोवीस तास माझ्या लेकीची वाट पाहता येते. तिच्यापुढे माझा निभाव लागणार कसा?

रात्रभर विचार करून मला उपाय सुचला, आणि माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. बाई आपल्याशी वाईट वागलेली नाही, तेव्हा मांत्रिक वगैरे नको. घरी आलेल्या सवाष्णीला मानानं वाटेला लावायचं तर आपण काय करतो? ओटी भरतो. तिची ओटी भरायची, आभार मानायचे आणि निरोप द्यायचा.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी मी खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि गहू घेऊन तिथं गेले. हिमानी आधी लाजली. मग बाजूला पाहून हळूच म्हणाली, “काकी, पदर धर. माही आई ओटी भरून राह्यली तुही.”

मी हिमानीलाच म्हटलं, “तूही लाव तिच्या पदराले हात. मले दिसत नाही, कुठं घालू ते समजलं पाहिजे.”

तिनं हवेत दोन्ही हात धरले. मी नारळ पुढे केला. तो माझ्या हातातून गेला... ओढून नाही, जड भांडं कुणी अलगद उतरवून घ्यावं तसा. मग ओंजळीनं गहू घातले. एक दाणा डांबरावर पडला नाही. रीतीप्रमाणे ओटीतले थोडे दाणे परत द्यायचे असतात, तेही माझ्या मुठीत आले. गार होते, आणि जरा ओलसर.

“लई केलं तुम्ही,” मी म्हटलं. “आता आपल्या घरी जा.”

निघणाऱ्याला ‘जा’ म्हणू नये, ‘या’ म्हणावं, हे मला कळतं. मी मुद्दाम ‘जा’ म्हटलं.

हिमानी म्हणाली, “आई, काकी रडून राह्यली... अन् हासून बी राह्यली.”

सुभद्राबाई दुकान सोडून उभी राहिली होती. तिनं मला बाजूला घेतलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

“काय केलं हे, बाई...”

“निरोप दिला तिले.”

“निरोपाले भरतात ओटी, हाव. पन कूस उजवावी म्हनून बी भरतात. तिच्यापाशी काय नव्हतं, ते सांगतलं होतं ना मी तुमाले? अन् तुम्ही तुमच्याच पोरीले तिच्या पदराले हात लावाले लावला...”

मी हिमानीचा दंड धरून तिला बसमध्ये बसवलं.

सोमवारपासून मी बिनपगारी रजा घेतली. रोज तिला स्वतः नेऊ लागले. काकी दिसत नाही म्हणून हिमानी दोन दिवस रुसली, मग गप्प झाली. कोपरा खरंच रिकामा वाटत होता. हॉर्न वाजायचे, ऑटो अंगावर यायचे, मी हात दाखवत, शिव्या खात तिला पलीकडे न्यायची. पण पोरीचा हात माझ्या हातात होता. मी जिंकले होते.

गेल्या आठवड्यात आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो आणि हॉर्न बंद झाले.

ट्रक जागच्या जागी उभा राहिला. मी हिमानीकडे पाहिलं. तिचा डावा हात माझ्या हातात होता. उजवा हात बाजूला, किंचित वर होता. तिचं तोंड तिकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. आणि ती तिकडे पाहूनच, दबक्या आवाजात म्हणाली,

“आई, ह्या बाई काऊन येतात रोज आपल्यासंगं?”

माझा हात तिनं झटकला नाही. परक्या माणसाचा हात आपण अवघडून धरतो ना, तसा धरून ठेवला होता.

हे म्हणतात, शाळा बदलू, नाव काढू. मी नाही म्हटलं. तिथून पाय काढला तर ती बाई जिंकली असं होईल. माझ्या पोटची पोर आहे. तिला मी नऊ महिने वागवलं, त्या बाईनं नाही. उद्याही मीच नेणार, हात धरून. पण तू तुझ्या मुलीला घालू नकोस. तुला माझ्यासारखं भांडता यायचं नाही.

घरात हिमानी मला आईच म्हणते. तिची हाक आली की मी हातातलं काम टाकून लगेच ओ देते, जराही उशीर करत नाही. आज तू यायच्या थोडं आधी मी कणीक मळत होते. आतल्या खोलीतून तिनं हाक मारली, “आई...” मी हात झटकत वळले, आणि ती आतूनच म्हणाली, “हाव, ऐकलं. इतकी कानाशी येऊन ओ नको देत जाऊ...”

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.