दोरीच्या टोकाशी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या काकाच्या बाबतीत.

काका रानातला गाईड. लोकांना डोंगर-जंगल फिरवून सुखरूप परत आणायचं, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. भुताखेताच्या गोष्टींची तो यथेच्छ टर उडवायचा.

आता कुणी तसा विषय काढला की उठून आत जातो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पठार ओलांडून मुक्कामाची झोपडी गाठायची होती. दिवस मावळायला अजून अवकाश होता. सोबत एक नवरा-बायको, एक निवृत्त मास्तर आणि एक डॉक्टरीणबाई. सगळ्यात मागे काकाची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण. प्रशिक्षण संपवून पहिल्यांदाच 'शेपूट' झाली होती. शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. कुणी मागे राहू नये, ही त्याची जबाबदारी.

"कामावर मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही हं," तिनं आधीच बजावलं होतं. "लोकांना वाटेल, लेकीला लाडानं आणलंय. लीडरच म्हणणार."

काका वरवर हसला. आतून नुसता फुलला होता.

आणि मग धुकं उतरलं...

स्वतःचे बूट दिसेनात. डावीकडे सरळ दरी.

काकानं लांब दोरी काढली. सगळ्यांनी ती मुठीत सैल धरायची. कंबरेला बांधायची नाही, एक घसरला तर सगळे जातील. काका थांबला की शेपटानं माणसं तपासायची आणि दोन झटके द्यायचे. मगच पुढं.

काका थांबला. दोन झटके.

चालले.

पुन्हा थांबला. दोन झटके.

आणि तेवढ्यात...

"बाबा!"

डावीकडून. दरीच्या बाजूनं.

काका गर्रकन आवाजाकडे वळला. हातातल्या दोरीला मात्र तेव्हाच... दोन झटके बसले.

"बाबा, पाय अडकलाय! या ना इकडे!"

"अहो, ही तुमची मुलगी ना?" मास्तर घाबरून म्हणाले.

काकानं मागे डॉक्टरीणबाईंना ओरडून विचारलं, "मॅडम, ती आहे ना तुमच्यामागे?"

"आहे की! थांबले की पाठीवर हात ठेवते."

रान ओळखीच्या आवाजात बोलावतं, असं जुने गाईड सांगायचे. पोरगी तर आज बाबा म्हणणारच नव्हती. दोरी धरून चार जीव त्याच्या भरवशावर उभे होते. आवाजाकडे एक पाऊल टाकलं असतं, तर सगळी रांग वळली असती.

"चला," काका म्हणाला.

हाका मागून येत राहिल्या. मग नुसतं रडणं. मग तेही थांबलं.

झोपडी आली. काका दारात कंदील धरून एकेकाला आत घेऊ लागला. नवरा, बायको, मास्तर. डॉक्टरीणबाई. त्यांच्यामागे दोरीचं टोक... जमिनीवर घासत आलं.

"ती कुठंय?"

"आत्ता तर होती..." बाईंनी पाठ चाचपली. जाकीट ओलंचिंब होतं. तेवढ्याच जागी.

काका कंदील घेऊन धावत सुटला.

कड्याच्या जरा खाली, खडकाच्या कपारीत पाय अडकलेली ती सापडली. घसा बसला होता, पण जिवंत होती. काकानं तिला छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा रडला.

"एवढा वेळ? ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"नाही गं," काका म्हणाला.

तिला पाठीवर घेऊन तो निघाला. मग हळूच त्याच्या कानाशी म्हणाली,

"मध्येच धुकं विरलं होतं. तुमची अख्खी रांग दिसली मला. माझ्या जागी कुणाला घेतलं होतंत?"

काका तसाच चालत राहिला.

"मी जीव तोडून ओरडत होते, बाबा. तुम्ही कुणी बघितलंसुद्धा नाही. फक्त त्यानंच वळून बघितलं..."

काकानं हे मला एकदाच सांगितलं, आणि इथवर येऊन तो थांबला. आपण तिची एकूण एक हाक ऐकली होती, हे मात्र त्याला अजून तिला सांगवत नाही.