आणि एक यायचीय

आमच्या गाडीतला आरसा एकेचाळीस वर्षं छताकडे वळवलेला होता. गाड्या चार झाल्या, पण आरशाची मान प्रत्येक गाडीत तशीच, वर. मागच्या सीटवर सासूबाई बसत, आणि आम्हा ओमाहा जमातीच्या लोकांत जावई सासूच्या तोंडाकडे पाहत नाही, तिच्याशी बोलत नाही. तीही त्याच्याशी बोलत नाही. यात राग नसतो. ज्या बाईने आपल्याला मुलगी दिली तिच्याशी किती आदराने वागावं हे न कळून कुणीतरी पूर्वी केलेली ही तजवीज असावी, असं मला वाटतं. मला बऱ्याच गोष्टी नुसत्या वाटतात. खात्रीच्या थोड्या आहेत, आणि ही हकीकत त्यांत बसत नाही.

सासूबाईंचं नाव मी इथेही लिहिणार नाही. सवय. माझी बायको लुएला आमच्या दोघांमधला पूल होती. मागून सासूबाई म्हणत, "जावयाला सांग, मोजे ओले असतील तर बदला म्हणावं." आवाज माझ्या कानावर पडलेलाच असे. तरी लुएला मान किंचित मागे कलती करून ऐकायची आणि मग मला सांगायची, "आई म्हणते, मोजे बदल." मी लुएलाला म्हणायचो, "आईंना सांग, बदलतो." शब्द असे वळसा घालून यायचे म्हणून की काय कोण जाणे, पण त्यांतली माया वाटेत कधी सांडली नाही. माझ्याशी थेट बोलणाऱ्या कितीतरी माणसांबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

सासूबाईंची आणखी एक रीत होती. नदी ओलांडली की त्या गाडीतली माणसं मोजत. पूल संपून चाकं जमिनीला लागली की मागून यायचं, "चार. आणि एक यायचीय." कधी तीन असू, कधी पाच. पण आकड्यानंतरचं वाक्य बदलत नसे.

त्याचं कारण आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फार पूर्वी आमचे लोक पूर्वेला, ओहायो नदीच्या काठी राहत. तिथून ते मावळतीकडे चालत निघाले आणि मोठ्या नदीशी, मिसिसिपीशी, येऊन थांबले. रानद्राक्षांच्या वेलींचा दोर वळला, पोहणाऱ्यांनी तो पलीकडे नेऊन बांधला, आणि वेलीला धरून माणसं पार होऊ लागली. सकाळ धुक्याची होती. निम्म्यावर वेल तुटली. पार झालेले प्रवाहाच्या उलट वर गेले, ते आम्ही. मागे राहिलेले खाली गेले, ते क्वापॉ जमातीचे लोक. धुक्यात एकमेकांना शोधताना दोघांनीही उलटी वाट धरली म्हणतात.

सासूबाईंच्या घराण्यात या कथेला एक शेपूट जास्त होतं. वेल तुटली तेव्हा एक मुलगी मध्येच होती. ना या काठाला, ना त्या. तिची आई अलीकडे उभी राहून येणाऱ्यांना मोजत होती. तिचं मोजणं संपलं नाही. ते आईकडून मुलीकडे येत येत सासूबाईंपर्यंत आलं होतं.

मी आमच्या मेसी गावच्या शाळेत ग्रंथपाल होतो. तीस वर्षं एका नकाशावर काम करत होतो: आमचे लोक आणि आमच्या भाषेच्या बहिणी-भाषा बोलणारे लोक कुठून निघाले, कुठे थांबले, कुठे फुटले. पाण्याला आम्ही 'नी' म्हणतो. हजार मैलांवर, व्हर्जिनियाच्या डोंगरांत एक जमात 'मनी' म्हणत असे, खाली समुद्रकाठी दुसरी 'अनी' म्हणे. त्या दोन्ही ठिकाणी आता तसं म्हणणारं कुणी नाही. असे शब्द खड्यांसारखे वेचत मी मागे मागे जात होतो. वेल तुटली ती जागा मी त्या दोन नद्यांच्या संगमाच्या बारा मैल उत्तरेला पेन्सिलीने दाखवली होती आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. खरी जागा सासूबाईंना ठाऊक होती. लुएलाकरवी मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "जावयाला सांग, कागदाला पाणी लागत नाही."

१९८८ साली पाऊस पडला नाही. मक्याची पानं सुतळीसारखी वळली. सप्टेंबरात लुएला आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, मी शेजारच्या खोलीत होतो. मिसिसिपी इतकी उतरली आहे की मालाच्या नावा वाळूत रुतून बसल्यात, असं काहीसं होतं.

"पाणी उतरलंय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आता तिला चालत येता येईल. मला तिकडे न्या, लुएला. पुढच्या अशा पाण्याला मी नसेन, आणि तिचं नाव माझ्याशिवाय कुणाला येत नाही."

त्या एक्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यांना न्यायचंय, हे लुएलाला मला येऊन सांगावं लागलं नाही. मी गाडीत हवा भरायला निघालो होतो.

डेलबर्ट, माझा मेव्हणा, बरोबर आला. आमच्यात मेव्हण्याने दाजींची टिंगल करायची आणि दाजींनी रागवायचं नाही, असाही रिवाज आहे. डेलबर्टइतका तो कुणी पाळला नसेल.

"दाजी, नकाशा घेतलात ना? नाहीतर नदीला कळायचं कसं आपण कुठे आहोत ते!"

"घेतलाय."

"आणि चष्मा? गेल्या वेळी तुम्ही गायीला हात करून रस्ता विचारला होता."

मागे सासूबाई खुदकन हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नाही, पण ते हसू मला कुठेही ओळखता आलं असतं.

डेकेटरच्या पुलावर मिसूरी ओलांडली. "चार. आणि एक यायचीय." पुढे कॅन्सस सिटीला पुन्हा तीच नदी, मग आणखी दोनदा. प्रत्येक वेळी तेच. डेलबर्ट म्हणाला, "आई, मला दोन धर. हॉटेलवाले धरतात." लुएलाने वाळवलेल्या मक्याचं सूप थर्मासात आणलं होतं आणि जाड तळलेल्या पोळ्या फडक्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मिसिसिपी ओलांडून केरो गावात मुक्काम केला.

सकाळी धुकं होतं. मी माझ्या बारा मैल उत्तरेच्या खुणेकडे गाडी वळवली.

"जावयाला सांग, उलट जातायत," मागून आवाज आला.

"आई म्हणते, उलट जातोयस."

मी गाडी वळवली. सासूबाई या भागात कधी आल्या नव्हत्या आणि त्यांना आता दिसतही फारसं नव्हतं. तरी "डावीकडे", "अजून पुढे", "हे झाड नव्हतं" असं लुएलाकरवी येत राहिलं. सोयाबीनच्या शेताकडेच्या कच्च्या रस्त्यावर त्या म्हणाल्या, "इथे."

बांधाच्या पलीकडे नदी होती. दिसत नव्हती, पण गार वास येत होता, चिखलाचा आणि लोखंडासारखा. लुएला आणि डेलबर्ट दोन्ही बाजूंनी आईला धरून खाली उतरले. लुएलाच्या हातात सुपाचा वाडगा होता. मी गाडीपाशी थांबलो आणि शेताकडे तोंड करून उभा राहिलो. तिथे माझी सासू तोंड उघडं टाकून रडली असती, तर ते पाहायचा हक्क मला नव्हता.

तेव्हा पुढचं मी फक्त ऐकलं.

आधी डेलबर्टचं काहीतरी, आणि लुएलाचं "गप रे". मग सासूबाईंनी हाक मारली. जेवायला बोलावतात तशी, साधी. तीन अक्षरांचं नाव होतं. ते मी लिहून घेतलं नाही.

एक पक्षी ओरडत होता, तो थांबला.

मी सोयाबीनच्या ओळी मोजत राहिलो. बावीस झाल्या तेव्हा पावलं परत येऊ लागली. नदीचा काठ त्या वर्षी वाळून तडकला होता, वाळलेल्या खपल्या पायाखाली कटकट मोडत होत्या. सासूबाईंची काठी. लुएलाचे बूट. डेलबर्टची जड पावलं. आणि त्या सगळ्यांच्या जरा मागे, खपल्या न मोडणारा एक आवाज. ओल्या पायांचा.

मी वळलो नाही.

दारं लागली. गाडी मागच्या बाजूला किंचित बसली. डेलबर्ट माझ्या शेजारी येऊन बसला, हात मांडीवर ठेवून. मी त्याच्या टोमण्याची वाट पाहिली. मी नकाशा उलटा धरला होता. त्याने नुसता तो माझ्या हातात सरळ करून दिला.

"चला, दाजी," तो म्हणाला. "जपून."

मिसिसिपीवरचा तो पूल अरुंद आहे. धुक्यात त्याचे पोलादी खांब एकेक करून येत होते. चाकांचा आवाज बदलला, जमीन लागली.

"पाच," सासूबाई म्हणाल्या.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. मागून एक गाणं सुरू झालं, पोरांना निजवताना म्हणतात ते. लुएलाला लहानपणी म्हटलेलं असणार. आता मात्र ते लुएलासाठी नव्हतं.

मी मनात पुन्हा मोजलं. मी, डेलबर्ट, लुएला, सासूबाई. शाळेत मुलांना सहलीला नेताना मोजायचो तसं, दोनदा. नजर आरशाकडे गेली. त्यात छताचं करडं कापड दिसत होतं.

दुपारी रस्त्यावरच्या एका खाणावळीत थांबलो. रीतीप्रमाणे मी आणि डेलबर्ट वेगळ्या टेबलावर बसलो, माझी पाठ त्या दोघींकडे. वाढणारी बाई, पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोचलेली, आमच्याकडे आली.

"त्या टेबलावरची मुलगी तुमचीच ना? तिला काय आणू? काही सांगतच नाही हो. आणि भिजलीये किती!"

मी डेलबर्टकडे पाहिलं. तो मीठदाणी फिरवत होता.

"गरम काहीतरी आणा," तो म्हणाला.

घरापर्यंत चार वेळा मिसूरी आली. पाच, पाच, पाच. डेकेटरच्या पुलानंतर त्या म्हणाल्या, "पाच. सगळे आले." मग हळूच, "जावयाला सांग, गाडी चांगली चालवली."

"आई म्हणते," लुएला म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. तिला पुढे सांगता आलं नाही. एकेचाळीस वर्षांत तेवढा एकच निरोप मला पोचवला गेला नाही. मला तो मिळाला होता.

गाडी रिकामी केली तेव्हा मागच्या सीटची मधली जागा ओली होती. आठवडाभर वाळली नाही. थर्मास गळला असेल, असं मी धरून चाललो. ओलीला सुपाचा वास नव्हता.

नोव्हेंबरात सासूबाई गेल्या. झोपेत, हात पांघरुणाबाहेर, बोटं मिटलेली, कुणाचा तरी हात धरावा तशी. मी नकाशावरचं माझं प्रश्नचिन्ह खोडलं. नवी खूण मात्र केलेली नाही. दोन-तीनदा पेन्सिल हातात घेतली होती. तीस वर्षांचं काम एका ठिपक्यासाठी अडलंय, आणि डेलबर्ट, जो आता पुन्हा माझी टिंगल करू लागलाय, तेवढ्यावरून कधी काही बोलत नाही.

एप्रिलात मी आणि लुएला तिच्या बहिणीला भेटायला पलीकडे आयोवात निघालो. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन. मागे कुणी बसायचं नव्हतं. तेव्हा अंगणातून निघतानाच मी आरसा सरळ करायला हात वर नेला.

लुएलाने माझं मनगट धरलं. "राहू दे."

"का? आता आई नाहीत."

"आईच्या माहेरची आहे ती," लुएला म्हणाली. "सासूच्याच नात्यातली. तुझ्याकडून रीत मोडायला नको."

मी हात खाली घेतला. डेकेटरचा पूल आला, गेला. बर्फ वितळून नदी काठोकाठ भरली होती. चाकं जमिनीला लागली.

"तीन," लुएला म्हणाली. आईसारखंच. आणि थांबली.

रस्ता सरळ होता, थोडा वेग वाढवला असेल. लुएलाने मान किंचित मागे कलती केली. मला काही ऐकू आलं नाही. ती मात्र बराच वेळ ऐकत होती, अधूनमधून हं म्हणत.

मग माझ्याकडे वळली.

"सावकाश चालव म्हणते."

मी पाय वर घेतला.

"तिला सांग," मी म्हणालो, "चालवतो."